नळीच्या पेटीतलं हवाई पत्र

कर्जतला कोणी हवापालटाला जातं, कोणी लेणी पाहायला, कोणी सोयरीक जुळवायला. मी गेलो एक टपालपेटी पाहायला. हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतात. घरी तर आता कोणी विषयही काढत नाही. हौसेला मोल नसतं असं मी पूर्वी ऐटीत सांगत असे. या वेळी ते मोल दुसऱ्या कोणीतरी भरलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी पुण्यात शाळामास्तर. सुट्टी मिळाली की चमत्कारिक टपालपेट्या शोधत हिंडायचं, त्यांची चित्रं काढायची आणि एका मासिकात त्यांवर लिहायचं, हा माझा बारा-चौदा वर्षांचा उद्योग. कोकणातल्या एका बंदरात जुन्या गलबतावरच्या पाण्याच्या पिंपाची पेटी मी पाहिली आहे. साताऱ्याकडे एका धर्मशाळेच्या भिंतीतच कोरलेली आहे, तिला दगडी ओठ आहेत आणि त्यात पत्र घालताना हात खरचटतो. दुसरा नाद विमानटपालाचा. अलाहाबादच्या प्रदर्शनात वीस-बावीस वर्षांपूर्वी विमानाने टपालाची पिशवी नदीपलीकडे नेली होती, त्यातलं एक पाकीट मुंबईच्या एका छंदिष्टाने मला काचेखाली दाखवलं होतं. हात लावू दिला नाही. तेव्हापासून असं काहीतरी आपल्याकडे असावं, आणि ते त्या गृहस्थाला काचेखालूनच दाखवावं, असं माझ्या मनात होतं.

मासिकाच्या संपादकांना माघातल्या या प्रवासाचं गमतीदार वर्णन हवं होतं. मी कबूलही केलं होतं. पण झालं ते असं झालं. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. वाडीचं नाव मात्र मी देणार नाही आणि पोस्टमनचं नाव बदललं आहे, कारण त्याची नोकरी आहे आणि सगळ्यात कमी दोष त्याचाच आहे.

सोमवार, दहिवली

घाट उतरताना गाडी ठाकुरवाडीला दम घेते. रुळांच्या कडेला लाकडांच्या मोळ्या घेऊन ठाकूर बाया उभ्या असतात, खाली खोल दरी आणि समोर राजमाचीकडचे कडे. माझं लक्ष डाकेच्या डब्याकडे होतं. त्या डब्याच्या अंगालाच पत्र टाकायचं तोंड असतं. जादा तिकीट लावलं की गाडी सुटेपर्यंत त्यात पत्र टाकता येतं. एक रेल्वेचा मुकादम पत्र हातात धरून खडीवरून धावत आला, ते त्या तोंडात घातलं आणि समाधानाने विडी काढून उभा राहिला. चालती टपालपेटी! मी वहीत लगेच तिचं चित्र काढलं. कर्जतला उतरलो तेव्हा टोपी गाडीतच राहिली. संध्याकाळपर्यंत डोकं तापलं होतं.

दहिवलीला माझा शाळासोबती नाना राहतो. उभा जन्म टपालखात्यात काढून आता निवृत्त झाला आहे. उल्हास नदीच्या काठाला त्याचं छोटं घर, परसात वालाचे वेल. जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे पुण्यात बिरडं करतात ते गूळ घालून मिळमिळीत. इथे ओल्या खोबऱ्याचं वाटण सढळ हाताने घालतात आणि वाल सोलायला सगळं घर बसवतात. नानाने मलाही बसवलं.

"तुला पाहिजे तसली एक पेटी आहे," वाल सोलता सोलता तो म्हणाला. "खोपोलीच्या वर, डोंगरात, ठाकरांच्या वाडीत. वीजघराचं काम चाललं होतं तेव्हा वर साहेबांची छावणी होती. साहेबांना रोज टपाल लागायचं. पाण्याच्या नळीचा उरलेला तुकडा उभा केला, त्याला दार लावलं, झाली पेटी. छावणी गेली, पेटी राहिली. कागदोपत्री अजून चालू आहे."

"पत्रं निघतात तिच्यातून?"

"मी इतकी वर्षं त्या बाजूचं टपाल पाहिलं. छावणी गेल्यापासून त्या पेटीतून निघालेलं एक पत्र माझ्या हाताखालून गेलं नाही."

शहाण्या माणसाने हे ऐकून काय समजायचं ते समजलं असतं. मला आनंद झाला. जिच्यातून इतक्या वर्षांत पत्रच निघालं नाही अशा पेटीचं पाकीट ज्याच्याकडे असेल, त्याच्यापुढे अलाहाबादचं पाकीट काय चीज आहे!

खेड्यातल्या पेट्यांची एक रीत इथे सांगितली पाहिजे, पुढचं सगळं तिच्यावर आहे. अशा पेटीच्या आत साखळीला एक पितळी शिक्का बांधलेला असतो. पोस्टमनने ठरल्या दिवशी यायचं, कुलूप काढायचं आणि तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा. तो पेटीबाहेर निघू शकत नाही, म्हणून वहीतला ठसा म्हणजे पोस्टमन खरोखर तिथवर गेल्याची साक्ष. आमच्यासारखे छंदिष्ट गळ घालतात तेव्हा तो हाच शिक्का पाकिटावरही मारून देतो.

मंगळवार, शिळफाटा

खोपोलीला उतरलं की आधी त्या नळ्या दिसतात. डोंगराच्या माथ्यावरून खाली वीजघरापर्यंत लोखंडाच्या प्रचंड नळ्या पसरलेल्या आहेत, एकीतून बैलगाडी जाईल एवढ्या. वरचं पाणी खाली येतं, त्याची वीज होते आणि मुंबईत दिवे लागतात. खोपोलीच्या ज्या घरी मी उतरलो होतो तिथे रॉकेलची चिमणी होती.

शिळफाट्याला बाजार भरतो. पुण्या-मुंबईच्या मोटारी धुरळा उडवत जातात आणि त्या धुरळ्यातच सुकट, बोंबील, मध, हिरडे, डिंक, बांबूच्या टोपल्या मांडलेल्या असतात. डोंगरातले ठाकूर हिरडे आणि मध घेऊन उतरतात, किनाऱ्याकडून आलेली मुसलमान कुटुंबं सुकी मासळी विकतात. दोघांचं वर्षानुवर्षांचं जमलेलं आहे. मी दोन-चार जणांना नळीच्या पेटीची वाट विचारली. तेवढ्यात सुकट विकणारी एक साठीची बाई उठून माझ्याकडे आली.

"तुमी टपालातले ना, मास्तर?" तिने विचारलं.

टपालातला नाही, पण टपालातलं सगळं कळतं, असं मी सांगितलं. हे वाक्य मी अगदी असंच बोललो, आणि बोलताना मला बरं वाटलं.

तिचं नाव हमीदाबी. घर खालापूरच्या बाजूला, बाजारापासून अर्ध्या तासावर. मला तिथे घेऊन गेली. कौलारू, शेणाने सारवलेलं घर, दारात दोन नारळ. तांदळाच्या रव्याची सांदणं करून ठेवली होती, ती पुन्हा वाफवून माझ्यापुढे आणली. मी मुसलमानाच्या घरचं खात नाही हे मला सांगायला लागलं नाही, माझ्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं. ताट उचललं आणि शहाळं फोडून दिलं. शहाळ्याला विटाळ नाही, असा आमचा सोयीचा हिशेब.

मग तिने पदराच्या गाठीतून पत्र काढलं. लंडनच्या एका इस्पितळातून आलेलं, विमानाने. तिचा मुलगा उस्मान जहाजावर भट्टीत कोळसा घालायच्या कामाला होता. त्याच्याच जहाजावरच्या, याच तालुक्यातल्या, एका गड्याने लिहिलं होतं. पोस्टमनने तिला एकदा वाचून दाखवलं होतं, तिला पुन्हा ऐकायचं होतं. मी वाचलं. उस्मान खाटेवर आहे. छाती गेली आहे. डॉक्टर म्हणतात, दिवस थोडे. शुद्धीत असतो तेव्हा एकच म्हणतो, अम्माला लिहा, दूध बक्ष म्हणावं.

माझ्यासारख्या बाहेरच्याला तिने समजावून सांगितलं. आईने पाजलेलं दूध मुलावर असतं. जाणाऱ्या मुलाला आईने ते बक्षलं, म्हणजे माफ केलं, तर तो मोकळा होऊन जातो. नाहीतर जीव अडकतो. आमच्याकडे आईचे उपकार फिटत नाहीत असं आपण नुसतं म्हणतो. यांच्यात ते आईने स्वतःच्या तोंडाने सोडायचे असतात.

"बाप खाटेवर हुता," ती म्हणाली. "मी बोलले, बापाला माती देऊन जा रं. जहाज सुटतंय बोलला. मंग मी ह्या उंबऱ्यात हुबं राहून बोलले, जा, पन माझं दूध तुला बक्षनार नाय. मानूस रागात बोलतो. त्याला चार वर्सं झाली. त्यानं ते तसंच धरून ठेवलं."

ती हे रडत वगैरे सांगत नव्हती. पत्र लवकर जायला हवं एवढंच तिचं म्हणणं होतं. जहाजाने पत्राला तीन आठवडे लागतात हे तिला ठाऊक होतं. विमानाचं कोणी तरी सांगितलं होतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच खोपोलीच्या कचेरीत जाऊन, खिडकीत पत्र देऊन येणार होती.

मी तिथल्या तिथे वही काढली. हवाई टपालाच्या निळ्या चिठ्ठ्या माझ्याजवळ असतातच. पातळ कागद होता, तिकिटं होती. तिने सांगितलं तसं लिहिलं. "बाबा उस्मान, तुझ्या अम्मानं तुला पाजलेलं दूध बक्षलं."

"तीन येळा लिवा," ती म्हणाली. "तीन येळा बोलायचं असतं."

तीन वेळा लिहिलं. खाली तिने अंगठा उठवला. पाकीट चिकटवलं, निळी चिठ्ठी लावली, पत्ता घातला, मागे तिचं नावगाव इंग्रजीत. देखणं पाकीट झालं होतं. आणि तेव्हा माझ्या मनात ते आलं. डोंगरातल्या नळीच्या पेटीत पडलेलं आणि विमानाने लंडनला पोहोचलेलं पत्र! जगात असं दुसरं नसणार. पुढे-मागे ते पाकीट लंडनहून मागवून घेता येईल.

"खोपोलीला कशाला जाता," मी म्हटलं. "मी टाकतो. उद्या बुधवार. वरची पेटी बुधवारी दुपारी उघडतात. संध्याकाळी खोपोली, रात्रीच्या गाडीने मुंबई. गुरुवारी संध्याकाळी जुहूची पिशवी बांधतात, शुक्रवारी विमान. पुढच्या शुक्रवारी लंडन."

पेटीचे दिवस मला नानाने सांगितले होते. मी ते असे धडाधड म्हटले, जसं काही वेळापत्रक मीच बनवतो.

"वरची पेटी?" तिने विचारलं. "तिकडं कोन टाकतंय?"

"सरकारी पेटी आहे, बाई. सगळ्या पेट्या सारख्याच."

तिने पाकीट घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "तुमी शिकलेले. तुमाला म्हायीत." आणि पाकीट डोळ्यांना लावून माझ्या हातात दिलं.

बुधवार, वर

वाडीची वाट दोन तासांची, उभ्या चढाची. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. कारवीच्या दांड्यांनी पाय सोलून निघाले. वरून मात्र सगळं खालापूर दिसतं, भाताची कापलेली खाचरं, मधून पाताळगंगा, आणि दूर मोटाररस्त्याची धूळ.

वाडी बारा-पंधरा झोपड्यांची. कुडाच्या भिंती, दारात हिरडे वाळत घातलेले. चांगो नावाच्या ठाकराने माझी तुटकी वहाण पाहिली, काही न विचारता घेतली आणि वाखाच्या दोरीने शिवून दिली. ते आपसात बोलतात ती भाषा मला चार शब्दांपलीकडे कळली नाही. माझ्याशी तो बाजारातली बोली बोलत होता. त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी दिली. ती मी खाल्ली, भूकच तशी होती. आदल्या दिवशीचा माझा सोवळेपणा डोंगर चढताना कुठेतरी गळाला होता.

आणि पेटी! ऐनाच्या झाडाखाली दगडी ओट्यावर पुरुषभर उंचीची नळी उभी होती. अंगभर रिव्हेटांची डोकी, डोक्यावर पालथं घमेलं ठोकलेलं, तांबडा रंग अर्धा उडालेला. तोंडावर पत्र्याची झडप. त्याखाली पत्र्याच्या पाटीवर उघडायचे दिवस: बुधवार, शनिवार, दुपारी दोन. खालच्या अंगाला दार आणि त्याला बिडाचं कुलूप. इतकी सुंदर पेटी मी पाहिली नव्हती. तासभर चित्र काढत बसलो. नळीची उंची मोजली, घेर मोजला, रिव्हेट मोजले. कुलपावरचा गंज मला दिसला. चित्रात तो चांगला उठावा म्हणून मी पेन्सिलीने त्यावर बारीक ठिपकेही दिले.

मग पाकीट झडपेतून आत सोडलं. खोल गेल्याचा आवाज आला.

चांगो शेजारी उभा राहून पाहत होता. "ह्यात टाकलंव?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला.

दोन वाजायला दीड तास होता. पोस्टमनची वाट पाहावी, पाकिटावर शिक्का मारून घ्यावा, असा माझा बेत होता. पण ऊन वाढलं होतं, टोपी नव्हती आणि खाली खोपोलीला संध्याकाळची कर्जतची गाडी गाठायची होती. पोस्टमनसाठी चिठ्ठी लिहिली, पाकिटावर शिक्का मारावा अशी विनंती केली आणि ती चांगोकडे देऊन उतरलो. चांगोला वाचता येत नाही, पोस्टमन येईल तेव्हा देईल, असा विचार. पोस्टमन येईलच याबद्दल शंका नव्हती. पाटीवर लिहिलं होतं ना.

गुरुवार

दुपारी नानाच्या परसात बसून मी त्याला सगळं रंगवून सांगितलं. त्याने मध्येच हातातली शेंग खाली ठेवली.

"तू त्या पेटीत टाकलंस?"

"म्हणजे काय! तुझ्या खात्याला इतक्या वर्षांनी एक पत्र मिळवून दिलं."

"अरे उंटावरच्या शहाण्या," नाना म्हणाला. पण तो हसत नव्हता. "तिथे कोण जातं? दोन तास चढायचं, रिकामी नळी उघडायची, उतरायचं. शिक्का साखळीतून काढून घरी ठेवला असेल त्याने. बुधवारी-शनिवारी घरीच वहीवर उमटवत असेल. अशा पेट्यांचं असंच चालतं. आम्हाला सगळ्यांना माहीत असतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू पाहायला जातोस म्हणालास. टाकायला जातोस म्हणाला नाहीस."

मिळेल त्या गाडीने खोपोली गाठली. पोस्टमन धोंडू शिळफाट्यालाच सापडला, एका दुकानाच्या फळीवर बसून ठाकरांची पत्रं वाचून दाखवत होता. तेव्हा मला या मुलखाची रीत कळली. वाडीतल्या कोणाला काही धाडायचं असलं तर तो बाजारात येऊन धोंडूच्या हातात देतो, आणि वाडीचं काही आलं तर धोंडू ते बाजारातच देतो, वर वाचूनही दाखवतो. डोंगर चढायची कोणालाच गरज नाही. पेटी फक्त कागदावर चालते आणि त्यात कोणाचंच काही अडत नाही. तिच्यात पत्र टाकण्याचा मूर्खपणा फक्त पुण्याहून आलेला टपालपेट्यांचा जाणकारच करू शकतो.

धोंडूला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. कमरेच्या पिशवीत हात घालून त्याने पितळी शिक्का काढला आणि मला दाखवला.

"हमीदाबीचं पत्र व्हय?" तो म्हणाला. "उस्मानचं? अवो ती रोज मला इचारते. माझ्या हातात दिलं असतं तर कालच्या गाडीनं गेलं असतं. मीच घेऊन गेलो असतो कचेरीत."

आम्ही दोघं वर चढलो. तो माझ्यापुढे जवळजवळ पळत होता. चांगो पेटीपाशीच भेटला, माझी चिठ्ठी त्याने जपून पागोट्यात ठेवली होती.

"धोंडू इथं येत नाही हे तुला ठाऊक होतं ना?" मी त्याच्यावर खेकसलो.

"व्हतं की," चांगो म्हणाला. "आमाला वाटलं, तुमी मोठं मानूस. तुमच्यासाठी येईल."

कुलूप किल्लीने निघेना. खोबरेल घातलं, दगडाने ठोकलं, शेवटी कडीच तुटली. आत कुंभारीण माशीची मातीची घरं होती, वाळकी पानं होती आणि त्यावर निळ्या चिठ्ठीचं पाकीट, जसं टाकलं तसं. सूर्य कड्यामागे गेला होता. मुंबईत जुहूची पिशवी त्याच सुमाराला बांधत असतील. पुढचं विमान आठ दिवसांनी.

आता जे लिहायचं ते लिहायला जड जातं, पण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. धोंडू पाकीट पिशवीत घालत होता. मी त्याला म्हटलं, "थांबा. शिक्का मारा त्याच्यावर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग थुंकीने शिक्का ओला केला, वहीच्या शाईच्या गादीवर दाबला आणि पाकिटाच्या कोपऱ्यात मारला. ठसा छान उठला होता. मी तेही पाहिलं.

शुक्रवारी सकाळी धोंडूबरोबर पत्र कचेरीत देऊन मी शिळफाट्याला आलो. हमीदाबी सुकटीच्या पाट्या मांडत होती. मला पाहून उठली.

"आज उडालं असंल ना, मास्तर?"

"हो," मी म्हटलं. "उडालं. पुढच्या शुक्रवारी त्याच्या हातात."

तिने हातातली सुकट खाली ठेवली आणि पदराच्या टोकाने डोळे टिपले. मला कागदाच्या पुडीत बोंबील बांधून देऊ लागली. मी खात नाही हे आठवून मध्येच थांबली आणि हसली. धोंडू पलीकडे उभा होता. तो काही बोलला नाही, कारण बोलला असता तर त्याचीच नोकरी गेली असती. मीही त्याच्यावर विसंबलो. दुपारच्या गाडीने मी पुण्याला परत आलो.

चैत्र

दोन महिन्यांनी नानाचं कार्ड आलं. धोंडूने त्याचं घर सांगितलं, तशी हमीदाबी त्याच्याकडे माझा पत्ता विचारायला आली होती. एवढ्या लांब चालत. "जाऊन ये," एवढंच नानाने लिहिलं होतं.

गेलो. या खेपेला वही नेली नाही. तिच्या दारातल्या एका नारळाच्या झावळ्यांची सावली अंगणात पडली होती, तिथे तिने मला बसायला पाट दिला. आतून काही आणलं नाही.

उस्मान गेल्याचं पत्र तिला आधीच आलं होतं. मी सांगितलेल्या शुक्रवारनंतरच्या रविवारी तो गेला. मी म्हणालो होतो तसं पत्र शुक्रवारी पोहोचलं असतं तर दोन दिवस ते त्याच्याजवळ असतं. हमीदाबी तोवर तसंच धरून होती. फातिहा दिला, शेजारणींना सांगितलं की पोर मोकळा होऊन गेला. आणि मग आठ दिवसांपूर्वी धोंडूने लंडनहून परत आलेलं पाकीट आणून दिलं.

तिने ते माझ्यापुढे ठेवलं. दोन्ही बाजूंनी शिक्के उठले होते. आमच्या डोंगरातल्या पेटीचा, मुंबईचा, कराचीचा, लंडनचा, इस्पितळाचा. पत्ता तांबड्या शाईने खोडला होता. मी आधी ते शिक्के पाहिले. एकेक करून पाहिले. मान वर केली तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

"मला वाचता येत नाय, मास्तर," ती म्हणाली. "पन ह्ये फोडलेलं नाय, ते दिसतंय."

मी तिला सगळं सांगितलं. पेटी, कुलूप, चांगोजवळची चिठ्ठी, गेलेलं विमान, आणि शुक्रवारी बाजारात बोललो ती थाप. पत्र खोपोलीच्या खिडकीत का दिलं नाही तेही सांगितलं, मला हे पाकीट हवं होतं म्हणून. धोंडूचा दोष नाही असं दोनदा म्हणालो.  शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं, "मला माफ करा."

"दूध माझं हुतं, ते मी बक्षलं," ती म्हणाली. "ह्यात माझं काय हाय? वाट त्यानं बघितली. माफी त्याच्याकडं मागा."

 तिने पाकीट उचललं, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि माझ्यापुढे धरलं.

"आनि ह्ये घेऊन जा. तुमालाच पायजे हुतं ना."

नको म्हणायचं सोडून मी हात पुढे केला.